बाबांच्या वाक्यातच ‘एस’ का सुटतो?

मुलाखतीच्या तोंडावर माझ्याकडे येणाऱ्या मराठी माध्यमातल्या मुलामुलींची एक तक्रार मी वारंवार ऐकते. नियम येतो, पेपरात गुण मिळतात, पण इंग्रजी बोलताना कर्ता आणि क्रियापद जुळत नाहीत, कुणीतरी हसते आणि मग तोंडच उघडत नाही.

लातूरकडून पुण्यात नोकरीसाठी आलेली एक पदवीधर मुलगी “माझं डोकंच इंग्रजीचं नाही” असे इतक्या खात्रीने म्हणायची की सुरुवातीच्या भेटी त्या खात्रीभोवतीच फिरल्या. स्वतःविषयीच्या अशा ठाम समजुतीला धीराचे शब्द पुरत नाहीत, तिचा पुरावा तपासावा लागतो, अशी माझी धारणा आहे. म्हणून मी तिला घरच्या माणसांविषयी इंग्रजीत बोलायला सांगितले आणि प्रत्येक वाक्य जसेच्या तसे उतरवून वही तिच्यापुढे ठेवली. ‘माय ब्रदर वर्क्स इन अ बँक’, ‘माय मदर कुक्स’ ही वाक्ये अचूक होती. ‘माय फादर गो टू द फार्म’, ‘माय ग्रँडफादर हॅव डायबिटीस’ ही चुकली होती.

“आईचं बरोबर आणि बाबांचं चूक, असं का झालं असेल?” मी विचारले.

ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. “भाऊ जातो, आई जाते, बाबा जातात... मॅडम, बाबांना मी ‘जातो’ कसं म्हणू?”

या उत्तराचे मोल मला फार वाटते, कारण ते तिचे तिने शोधले. मराठीत वडीलधाऱ्यांसाठी येणारे आदरार्थी बहुवचन तिच्या इंग्रजीत उतरत होते. इंग्रजी क्रियापद आदर दाखवत नाही. वडील असोत वा राष्ट्रपती, माणूस एक असेल तर ‘गोज’ आणि ‘हॅज’च. ज्या चुकीमागे इतके सुसंगत कारण आहे, तिला बुद्धीची उणीव म्हणता येत नाही.

उलट ‘मी पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, आंबे खाल्ले’ असे कर्मानुसार क्रियापद बदलणाऱ्याला इंग्रजीतले काम सोपेच आहे. वर्तमानकाळात ही, शी, इट किंवा एका व्यक्तीचे नाव आले की ‘एस’ लागतो. भूतकाळात ‘वॉज’ आणि ‘वेअर’ सोडले तर सर्वांना एकच रूप चालते. ‘कॅन’, ‘विल’, ‘शुड’ कुणासाठीच बदलत नाहीत. प्रश्नात आणि नकारात ‘डझ’ने तो ‘एस’ आधीच घेतलेला असतो, त्यामुळे पुढे ‘गो’च राहते.

‘वन ऑफ माय फ्रेंड्स आर’ ही चूकही मराठीच्या आधाराने सुटते. ‘मैत्रिणींपैकी एक नाशिकला राहतात’ असे आपण म्हणत नाही, ‘राहते’ म्हणतो. तसेच तिथे ‘इज’ येते. ‘एव्हरीवन’ म्हणताना मनात ‘सगळे येतात’ऐवजी ‘प्रत्येकजण येतो’ आणावे, म्हणजे ‘कम्स’ आपोआप सुचते. घरच्यांना आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की बोलणाऱ्याचे वाक्य मध्येच तोडू नये. ते पूर्ण झाल्यावर बरोबर रूप सहज उच्चारावे.

सराव मुलाखतीत तिच्या तोंडून पुन्हा ‘माय फादर गो’ गेले, तिने लगेच ‘गोज’ म्हटले आणि न थांबता पुढे बोलत राहिली. शेवटी तिचीच शंका होती, ‘द स्टाफ’ला ‘इज’ की ‘आर’? ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात आणि अमेरिकेत सहसा ‘इज’ वापरतात, असे मी सांगितले. तिने ‘इज’ निवडले.