सर्व काही अणूंपर्यंत नेले की समजते का?

‘सगळे शेवटी अणूच आहेत, तर अणूंचे नियम कळले की सारे कळले’ हे मत नाकारणारा माणूस छद्मविज्ञानाकडे झुकतो का, असे आपण विचारले आहे. मुळीच नाही. नियम ठाऊक असले म्हणून त्यांतून सारे जग पुन्हा उभे करता येत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी १९७२ मध्येच मांडले. साखरेच्या डब्याकडे लागलेली मुंग्यांची रांग पाहा: जवळची वाट कोणा एका मुंगीच्या डोक्यात नसते, ती अनेकींनी मागे सोडलेल्या आणि हळूहळू उडून जाणाऱ्या गंधातून ठरते, आणि तरीही त्यात रसायनशास्त्राच्या विरुद्ध काहीच घडत नाही. मात्र ‘समग्रता’ (सुट्या भागांऐवजी संपूर्णाकडे पाहणे) या शब्दाआड होमिओपॅथीचे ‘३०सी’ (तीस वेळा शंभर-शंभर पट विरल केलेले) औषध खपवले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते, कारण एकावर साठ शून्ये इतके पट विरल केल्यावर त्यात मूळ पदार्थाचा एकही रेणू उरण्याची शक्यता जवळजवळ नसते.