तीनदा ‘देवाभ्याम्’

आठवी सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. ‘मॅडम, संस्कृत झेपत नाहीये त्याला, पण सोडलं तर टक्के जातील. काय करू?’ आणि पाठोपाठ, ‘शाळेत संस्कृत सक्तीचंच असायला हवं ना?’ नुसता सल्ला देण्यापेक्षा एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं त्यातून काढून टाकलं आहे.

मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी त्याच्या पोटात दुखायचं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. आईनेच एक दिवस वेळापत्रक समोर धरलं, तेव्हा लक्षात आलं की त्या दोन दिवशी संस्कृतचा पहिला तास असतो. त्याच्या शाळेचा नियम असा : ‘अ’ तुकडीला शंभर गुणांचं संपूर्ण संस्कृत, ‘ब’ला हिंदी-संस्कृत संयुक्त, म्हणजे पन्नास-पन्नास, आणि ‘क’ला फक्त हिंदी. मुलांना विचारायची पद्धतच नव्हती.

मी त्याला शब्दरूपांची वही आणायला सांगितली. आठ विभक्ती, तीन वचनं : एकासाठी, दोघांसाठी, अनेकांसाठी. द्विवचनाच्या मधल्या रकान्यात इतकं खोडलं होतं की कागद झिरझिरीत झाला होता. ‘देव चालवून दाखव,’ म्हटलं. त्याने डोळे मिटले, खांदे कानांपर्यंत वर गेले आणि पाढे म्हणावेत तसं सुरू झालं, ‘देवः देवौ देवाः...’ पंचमीपाशी येऊन थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून. असं दोनदा झालं.

‘का रे थांबतोस?’

‘देवाभ्याम् तीनदा येतं. तेच तेच आलं की वाटतं, मी चुकलो.’

तो चुकत नव्हता. तृतीया, चतुर्थी आणि पंचमी, तिन्हींचं द्विवचन एकच असतं. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, किंवा साठ मुलांच्या वर्गात सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मराठीत द्विवचन नाही, त्यामुळे या रकान्याला धरून ठेवायला मुलाच्या मनात आधीचं काहीच नसतं. तरीही तो चार महिने बरोबर उत्तर खोडत बसला होता.

मला शाळेपुरतंच संस्कृत येतं. मी विचारलं, ‘देवाय म्हणजे?’ ‘चतुर्थी एकवचन.’ ‘हो, पण म्हणजे काय?’ गप्प. मग मी म्हटलं, ‘श्रीगणेशाय नमः. कोणाला नमस्कार?’ तो काही क्षण माझ्याकडे बघत राहिला. ‘गणेशाला... म्हणजे ‘नमः शिवाय’मधलं ‘आय’पण तेच?’ खांदे खाली आले होते. त्याला संस्कृत आवडायला लागलं, असं मी म्हणणार नाही. पण त्याला भीती भाषेची नव्हती, एवढं मला कळलं.

वडिलांशी बोलणं अवघड गेलं. माणूस प्रेमळ, पण हिशेब पक्का. ‘संस्कृत म्हणजे हातचे मार्क. दहावीला बेस्ट फाइव्ह आहे, सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांचेच गुण धरतात. संस्कृतात पंचाण्णव पडले की एखादा कच्चा विषय आपोआप बाजूला पडतो.’ हिशेब चुकीचा नव्हता. मी एवढंच विचारलं, ‘पंचाण्णव पडले तर ना? दर मंगळवारी पोट धरून बसणाऱ्या मुलाचा कुठला विषय बाजूला पडेल?’ मग ते आपल्या परंपरेवर बोलले, संस्कृत अनिवार्यच हवं म्हणाले. त्यांची ही कळकळ खरी होती, म्हणून मीही मनापासून उत्तर दिलं. संस्कृतला शाळेत जागा हवीच. 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईला संस्कृत ठेवायला सांगितलं, ते वैकल्पिक विषय म्हणून. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ते सर्व टप्प्यांवर उपलब्ध असावं असं आहे, पण कुठलीही भाषा लादू नये, हेही तिथेच आहे.

मुलाने मात्र मला एक वेगळीच गोष्ट सांगितली. त्याची एक मैत्रीण ‘क’ तुकडीत आहे. तिला संस्कृत हवं होतं. मधल्या सुट्टीत ती त्याच्या वहीतली सुभाषितं उतरवून घ्यायची. शाळेने तिला सांगितलं, ‘तुमच्या तुकडीला नाही.’

हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या जिद्दीने मिळवलं. ते कारण आणि हे कारण एक नाही, हे मला कळतं. पण दार अजूनही दुसरंच कोणी उघडतं आणि बंद करतं. एकाच नियमाने एका पोराला आत कोंडलं आणि एका पोरीला बाहेर ठेवलं. म्हणून सक्ती की ऐच्छिक असं कोणी विचारलं की मी ऐच्छिक म्हणते, आणि लगेच विचारते, की कोणासाठी ऐच्छिक? शिक्षक आहेत का? प्रत्येक तुकडीला आहे का? निवडण्याआधी मुलाने निदान काही आठवडे गुणांशिवाय ती भाषा ऐकली, बोलली आहे का? आणि घरी त्याला विचारलं आहे का, की अर्ज तुम्हीच भरलात?

वर्षाच्या मध्ये विषय बदलता येणार नाही, असं शाळेने सांगितलं. तोवर आम्ही एक ठरवलं : घरी संस्कृतच्या गुणांची चौकशी बंद. रोज एकच रूप, तेही वाक्यात वापरून. पोटदुखी महिन्याभरात कमी झाली, पूर्ण गेली नाही. नववीला वडील स्वतः मुख्याध्यापकांना भेटले आणि त्याला संयुक्त मिळालं. निवड त्याचीच होती. वडिलांना ते अजून थोडं लागतं, तसं ते मोकळेपणाने सांगतातही.

जूनमध्ये तो भेटायला आला, तेव्हा ती खोडलेली वही त्याच्याकडे नव्हती. मैत्रिणीला दिली म्हणाला. मधल्या रकान्यात ‘देवाभ्याम्’ तीनदा पेनाने लिहून, शेजारी ‘बरोबर आहे, खोडू नकोस’ असं लिहून दिली होती. तिच्या पालकांनी शाळेला अर्ज केला आहे. उत्तर यायचं आहे.