वडील 100 टक्के अपंग माजी सैनिक आहेत. घर व्हीलचेअरजोगं करायला सरकारी मदत मिळते का?

वडील नोकरीत असताना जखमी होऊन कमरेखाली अधू झाले, घर सातारा जिल्ह्यात गावी आहे आणि खुर्ची मोरीपर्यंत जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. मीही फौजेचा पेन्शनर, म्हणून स्पष्टच सांगतो.

नेटवर लाखावर डॉलरचं अनुदान दिसतं ते अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठी. आपल्याकडे या कामासाठी एवढी रक्कम एकगठ्ठा कुणी देत नाही. थोडं इथून, थोडं तिथून असं जमवावं लागतं.

केंद्रीय सैनिक बोर्ड 100 टक्के अपंग माजी सैनिकाला घरदुरुस्तीसाठी 20,000 रुपये देतं. अर्ज ऑनलाइन असला तरी तो पुढे सरकतो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि ओळखपत्र घेऊन आधी तिथे जा. (सायबर कॅफेवाल्याला पैसे देऊन अर्ज भरू नका, कार्यालयातली माणसं बहुतेक फौजीच असतात, ती सांगतात.)

खरा आधार दर महिन्याच्या पैशाचा आहे. पीपीओत 'कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स' आहे का बघा. 100 टक्के अपंगत्व असेल आणि कायम मदतनीस लागतो असं मेडिकल बोर्डाचं मत असेल, तर हा भत्ता मिळतो. जुलै 2017 पासून तो महिना 6,750 रुपये ठरला. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला की त्यात 25 टक्के वाढ होते. पीपीओत हा भत्ता नसेल तर वडिलांच्या नोकरीची कागदपत्रं ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. व्हीलचेअर ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून मागा. ग्रामपंचायतीत घरपट्टी माफीचा अर्जही द्या, 2020 पासून ही सवलत सगळ्या माजी सैनिकांना आहे.

आता पैसे कुठे घालायचे? पुष्कळ जण आधी दारात उतार करतात, कारण तो चारचौघांना दिसतो. माझ्या मते आधी मोरी आणि संडास. दार तीन फुटी करून बाहेर उघडणारं बसवा, आतला उंबरठा काढा, कमोड बसवा. धरायचा दांडा विटेच्या भिंतीत पक्का करा, नुसत्या टाइलवर ठोकला तर वजनानं उपटून येतो. उताराला एक फूट उंचीमागे बारा फूट लांबी लागते. जोतं दीड फूट असेल तर अठरा फूट झाले, तेवढं अंगण आहे का ते गवंड्याला बोलावण्याआधी मोजा. शंका असेल तर पुण्यात खडकीला कमरेखाली अधू झालेल्या सैनिकांचं पॅराप्लेजिक सेंटर आहे, तिथल्या मंडळींना विचारा, ती रोज खुर्चीवरच वावरतात.