तुमचे प्रश्न : चांगल्या कामासाठी लाइव्ह अल्बम काढताना

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयावर आहेत. बँडने आपल्या कार्यक्रमाचं लाइव्ह रेकॉर्डिंग काढायचं, विकायचं आणि पैसे एखाद्या सामाजिक कामाला द्यायचे. म्हणून आज फक्त तेवढेच प्रश्न घेतोय. माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत.

प्रश्न : आमचा पाच जणांचा बँड आहे. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेसाठी कार्यक्रम करतोय, त्याचंच रेकॉर्डिंग करून अल्बम काढायचाय. सुरुवात कुठून करू, आणि माइक कोणते घेऊ?

माइकचं पुढे सांगतो, आधी पैशांचं बोलून घ्या. म्हणजे कार्यक्रमाच्या आधी, संस्थेला समोर बसवून, कागदावर. हे मी इतकं ठासून का सांगतोय ते समजायला १९७१ सालात जावं लागेल.

त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, लाखो निर्वासित बाहेर पडत होते, त्याच्या आदल्या वर्षीच तिथे भयंकर चक्रीवादळ येऊन गेलेलं. पंडित रविशंकरांचं घराणं मूळचं त्याच भागातलं. ते अस्वस्थ होते, थोडेफार पैसे जमवावेत, पंचवीसेक हजार डॉलर मिळाले तरी पुष्कळ, असं त्यांच्या मनात होतं, आणि ते त्यांनी आपला मित्र, बीटल्सचा गिटारवाला जॉर्ज हॅरिसन, याला बोलून दाखवलं. हॅरिसनने फोन उचलला आणि जेमतेम पाचेक आठवड्यांत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १ ऑगस्टला एकाच दिवशी दोन कार्यक्रम उभे केले. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल असे एकेक लोक, आणि दोन्ही मिळून चाळीसेक हजार प्रेक्षक. तिकिटांचे जवळपास २ लाख ४३ हजार डॉलर जमले, ते मुलांसाठी काम करणाऱ्या युनिसेफला गेले. इथपर्यंत सगळं छान.

पण खरा पैसा होता अल्बममध्ये. त्याच वर्षाच्या शेवटी ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ या नावाने तीन रेकॉर्ड्सचा डबा बाजारात आला, धडाधड विकला गेला, पुढे त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमीही मिळालं. आणि पैसे? ते अडकले. कार्यक्रम ठरवताना घाई इतकी होती की धर्मादाय म्हणून करमाफीची व्यवस्था आधी केलेलीच नव्हती, मग अमेरिकेच्या करखात्याने हिस्सा मागितला आणि लाखो डॉलर वर्षानुवर्षं खात्यात गोठून राहिले. ब्रिटनमध्येही कराचा प्रश्न आला, तिथे हॅरिसनने स्वतःच्या खिशातून दहा लाख पौंडांचा चेक दिला. ज्या पोरांसाठी गाणी म्हटली ती पोरं तोवर मोठी झाली हो. यात कोणाची नियत वाईट होती असं अजिबात नाही, उलट यांच्याइतकी चांगली नियत क्वचित दिसते, फक्त कागद मागे राहिले.

म्हणून तुम्ही पाच जणांनी आधी हे ठरवा : विक्रीचे पैसे कोणाच्या खात्यात येणार? शक्यतो थेट संस्थेच्या. बँडमधल्या एकाच्या वैयक्तिक खात्यात आले तर ते आधी त्याचं उत्पन्न दिसतं, मग भानगडी सुरू होतात. संस्थेची नोंदणी, करसवलत वगैरे त्यांच्या हिशोबनिसाकडून आधीच समजून घ्या. आणि कव्हरवर काय छापणार त्याचे शब्द नीट निवडा, कारण ‘सगळी रक्कम’ आणि ‘सगळा नफा’ यात जमीनअस्मानाचा फरक आहे. ‘नफा’ लिहिलंत तर मिक्सिंग, छपाई, हॉलचं भाडं सगळं वजा करून उरेल ते द्यायचं, आणि काही वेळा उरतच नाही. विकत घेणाऱ्याला मात्र वाटतं आपले पूर्ण पैसे तिकडे पोचले. माझं मत विचाराल तर खर्च बँडने किंवा एखाद्या प्रायोजकाने वेगळा उचलावा आणि ‘सगळी रक्कम’ असंच छापावं. ते जमत नसेल तर प्रत्येक अल्बममागे अमुक इतके देणार असा आकडा लिहा. कधीपर्यंत देणार ती तारीखही लिहा.

प्रश्न : त्यापेक्षा लोकांनी संस्थेला थेट देणगी दिली तर? मध्ये अल्बमची भानगड कशाला?

ज्यांना थेट द्यायचीय त्यांनी जरूर द्यावी, त्यात सगळ्यात कमी गळती. पण देणगी एकदा देऊन होते, अल्बम मात्र पुनःपुन्हा विकला जातो. तो १९७१ चा अल्बम आणि त्याची फिल्म २००५ मध्ये नव्याने काढली, आणि त्याचे पैसे आजही हॅरिसनच्या नावाने युनिसेफमध्ये जो निधी आहे त्याला जातात. एका दिवसाचं गाणं, पन्नास वर्षं झाली तरी पैसे देतंय.

उलटं उदाहरण लाइव्ह एडचं, इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या कार्यक्रमाचं. १३ जुलै १९८५, लंडन आणि फिलाडेल्फिया, जगभर टीव्हीवर दाखवलं, त्या दिवशी मदत प्रचंड जमली. पण तो एकदाच व्हायचा कार्यक्रम म्हणून ठरलेला, त्यामुळे तेव्हा लाइव्ह अल्बम निघालाच नाही. अधिकृत डीव्हीडी आली थेट २००४ मध्ये, आणि तोवर अमेरिकेतल्या बाजूचं बरंच मूळ चित्रण हाती राहिलेलं नव्हतं, मिळेल तिथून गोळा करावं लागलं.

प्रश्न : आम्ही निम्मी गाणी दुसऱ्यांची म्हणतो. चॅरिटीसाठी आहे म्हटल्यावर परवानगी लागत नाही ना?

लागते. हा गैरसमज सगळीकडे आहे, काम कितीही पुण्याचं असलं तरी गाणं ज्याचं त्याचंच राहतं. तुम्ही स्वतः वाजवलंत म्हणजे रेकॉर्डिंग तुमचं झालं, पण चाल आणि शब्द गीतकार-संगीतकारांचे, किंवा ज्या प्रकाशकाकडे हक्क आहेत त्याचे. त्यात हॉलमध्ये गायची परवानगी वेगळी आणि रेकॉर्ड करून विकायची वेगळी, व्हिडिओ लावायचा असेल तर आणखी एक वेगळी. कार्यक्रमाच्या आयोजकाने पहिली घेतली म्हणून बाकीच्या आपोआप मिळत नाहीत. पत्र लिहून विचारा, कारण सांगा, काही जण आनंदाने मानधन सोडतात, पण सोडायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं.

दुसरं, पाहुणे कलाकार. स्टेजवर यायला हो म्हणाला म्हणजे अल्बमला हो म्हणाला असं नाही. कोणाचा कंपनीशी करार असतो, डिलन कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा होता म्हणून बांगलादेशच्या अल्बमच्या वेळी कंपन्यांमध्येच बोलणी रखडली होती. आणि कोणाला स्वतःचं गाणं आवडलेलं नसतं. लेड झेपलिन बँडच्या मंडळींना लाइव्ह एडमधलं आपलं वाजवणं वाईट झालं असं वाटलं, त्यांनी डीव्हीडीत घ्यायला नकार दिला, आणि तो मानला गेला, मला ते योग्यच वाटतं. तेव्हा स्टेजवर जाणाऱ्या प्रत्येकाची, अगदी दोन गाण्यांपुरती ढोलकी वाजवणाऱ्याचीसुद्धा, साध्या एका पानावर सही घ्या, कार्यक्रमाच्या आधी. नंतर माणसं गाठणं किती अवघड जातं ते एकदा करून बघितल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : मागच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग साऊंडवाल्याने मिक्सरमधून काढून दिलं. हॉलमध्ये दणदणीत वाटलेलं, पण घरी ऐकलं तर नुसता गायकाचा आवाज, ड्रम्स कुठेतरी लांब आणि टाळ्या तर जवळजवळ नाहीतच. असं का होतं?

साऊंडवाल्याची चूक नाही. तो मिक्स करतो, म्हणजे सगळ्या आवाजांचं प्रमाण बसवतो, ते हॉलसाठी. ड्रम्स आणि गिटारचा अँप (तिचा स्वतःचा स्पीकर) मुळातच इतके मोठे वाजतात की छोट्या हॉलमध्ये ते स्पीकरमधून फारसे द्यावेच लागत नाहीत, आवाज माणसाचा कमी पडतो म्हणून तो वर ओढलेला असतो. तोच मिक्स कार्डवर उतरला की हॉलमधला अर्धा आवाज त्यात नसतोच.

उपाय म्हणजे मल्टीट्रॅक. प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक घ्यायचा आणि मिक्सिंग नंतर शांतपणे करायचं. हल्लीचे बरेच डिजिटल मिक्सर एका केबलने लॅपटॉपला सगळे ट्रॅक देतात. २४ ट्रॅक आणि रेकॉर्डिंगचा दर्जा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ धरला तर तासाला बारा जीबीच्या थोडं वर जागा लागते, हिशोब आधी करा. रेकॉर्डिंगची लेव्हल मुद्दाम खाली ठेवा, कारण तालमीत कोणी जोर लावत नाही, लोक समोर आले की सगळेच लावतात, आणि एकदा फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

आणि लोकांसाठी वेगळे माइक लावा, स्टेजच्या दोन्ही कडांना, तोंड प्रेक्षकांकडे. हॉलच्या मागे लावले तर एक अडचण येते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे तीस मीटर लांबच्या माइकमध्ये तो जवळजवळ ८७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, मिक्समध्ये तसाच ठेवला तर प्रत्येक ठोका दोनदा पडल्यासारखा वाटतो. तो ट्रॅक तेवढा अलीकडे, म्हणजे आधी वाजेल असा, सरकवून घ्यायचा.

शेवटचं, दुसरं मशीन. साधं दोन ट्रॅकचं असलं तरी चालेल, पण वेगळं आणि वेगळ्या विजेवर. एका मदतनिधीच्या कार्यक्रमात मी स्वतः रेकॉर्डिंगला बसलो होतो, मध्यंतरानंतर लॅपटॉपच्या स्क्रीनवर सगळं हलत होतं, लाल दिवा होता, आणि डिस्क भरलेली. शेवटच्या पाऊण तासातलं एकही गाणं उतरलं नाही. त्यात एका आईने स्टेजवर येऊन चार ओळी म्हटल्या होत्या, तिच्या मुलाचा इलाज त्याच संस्थेने केला होता. ते परत कसं म्हणून घेणार? तेव्हापासून दर वीस मिनिटांनी मी डिस्क उघडून बघतो, आणि शेजारी दुसरं मशीन चालू असतंच.

प्रश्न : स्ट्रीमिंगवर टाकावं की विकावं?

पैसे उभे करायचे असतील तर आधी विका. एकाने एकदा अल्बम विकत घेतला तर जेवढे मिळतात तेवढे स्ट्रीमिंगमधून मिळायला त्याच माणसाला गाणी शेकडो वेळा ऐकावी लागतील, आणि ते पैसे येतातही उशिरा, तुकड्यातुकड्यांत. बँडकॅम्पसारख्या, कलाकार थेट श्रोत्यांना विकतात अशा वेबसाइटवर डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के वाटा ते घेतात, आणि २०२० च्या मार्चपासून त्यांनी ठरावीक शुक्रवारी तो वाटाही सोडायला सुरुवात केली, अशा दिवशी अल्बम आणला तर तेवढी रक्कम वाचते. शिवाय तिथे किमान किंमत ठेवून ‘वाटल्यास जास्त द्या’ अशी सोय आहे. कारण चांगलं असेल तर लोक जास्त देतात, हे मी बघितलंय. स्ट्रीमिंगवर दोनतीन महिन्यांनी टाका, नवीन लोकांपर्यंत पोचायला ते चांगलं.

प्रश्न : आमचे चाहते फोनवर कार्यक्रम रेकॉर्ड करून फुकट वाटतात. मग आमचा अल्बम कोण घेणार?

घेतात हो. ग्रेटफुल डेड या बँडने १९८४ मध्ये तर रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रेक्षकांसाठी हॉलमध्ये वेगळी जागाच द्यायला सुरुवात केली, टेपा फुकट फिरल्या आणि बँड मोठाच होत गेला. पर्ल जॅम या बँडने २००० च्या दौऱ्याचे बहात्तर लाइव्ह अल्बम स्वतःच काढले, चोरट्या रेकॉर्डिंगपेक्षा चांगलं आम्हीच देतो म्हणून. फुगाझी नावाचा वॉशिंग्टनचा बँड, सामाजिक कामांसाठी भरपूर कार्यक्रम केलेला, त्यांनी २०११ पासून आपले जुने शेकडो कार्यक्रम खुले केले. सुचवलेली किंमत पाच डॉलर, पण एक डॉलर द्या नाहीतर शंभर द्या, तुमच्यावर. फोनवाल्यांशी भांडू नका, त्यांना संस्थेची लिंक द्या आणि क्लिपखाली टाकायला सांगा.

प्रश्न : लाइव्हमध्ये झालेल्या चुका नंतर दुरुस्त कराव्यात का? दोन गाण्यांत मी सुराला चुकलोय.

कानाला खुपत असेल तर त्या रात्रीचा दुसरा टेक वापरा, तालमीचा वापरा, पण कव्हरवर ‘लाइव्ह’ लिहून निम्मं स्टुडिओत गायचं हे मला पटत नाही, तेही लोक एका कामासाठी विश्वासाने पैसे देतायत तेव्हा. थोडंफार राहू द्या. बांगलादेशच्या त्याच अल्बमच्या सुरुवातीला रविशंकर आणि अली अकबर खाँसाहेब सतार-सरोद जुळवतायत, अल्लारखाँ तबल्यावर, कमला चक्रवर्ती तानपुऱ्यावर. मिनिट दीड मिनिट नुसतं सूर लावणं, ते थांबतात, आणि ते हजारो लोक कडकडून टाळ्या वाजवतात, त्यांना वाटलं गाणं झालं! रविशंकर शांतपणे आभार मानतात आणि म्हणतात की जुळवणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. हे सहज कापता आलं असतं. कापलं नाही, आणि अजूनही मी तो अल्बम लावतो तो तिथूनच लावतो.