कोयनेचा बेडूक चिपळूणला कसा गेला?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकते. दोन पावसाळे एका संशोधक ताईंबरोबर कोयना खोऱ्यात बेडकांच्या सर्वेक्षणाला गेले. रानात भटकण्यापेक्षा वह्यांतल्या नोंदी संगणकावर नीट लावण्यात मला अधिक गोडी वाटली. यात करिअर होते का? बाबा म्हणतात, मग सरळ डेटा सायन्सच कर.

उत्तर : करिअर होते, मात्र त्यासाठी प्राणिशास्त्र सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या कामातल्या कितीतरी चुका संगणकाला दिसत नाहीत, त्या प्राणी आणि प्रदेश ओळखणाऱ्यालाच दिसतात.

तुमच्याच खोऱ्यातले उदाहरण घेऊ. वहीत रेखांश 73 अंश 45 मिनिटे असा लिहिलेला असतो आणि तक्ता भरणारा घाईत 73.45 टंकतो, जे वास्तविक 73.75 हवे, कारण 45 मिनिटे म्हणजे पाऊण अंश. संगणक जराही कुरकुर करत नाही. पण नोंद सुमारे 32 किलोमीटर पश्चिमेला सरकते आणि कोयनेचा बेडूक घाट उतरून चिपळूणच्या बाजूला जाऊन बसतो. तो बेडूक घाटमाथ्यावर पाहिलेल्या माणसाला नकाशा उघडताच हे खटकते. नावांचेही तेच. अंगणात दिसणारा आपला नेहमीचा भेक जुन्या वह्यांत ‘बुफो मेलॅनोस्टिक्टस’ असतो, तर नव्या वह्यांत ‘डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस’. हे ठाऊक नसेल तर एका जातीच्या दोन होतात आणि त्यांतली एक आलेखावर नाहीशी होताना दिसते!

सर्वांत दुर्लक्षित रकाना असतो तो शोधासाठी घेतलेल्या श्रमांचा : किती माणसे, किती वेळ, किती अंतर. दोन तास फिरूनही बेडूक दिसला नाही, हे लिहिलेच नसेल तर तो नव्हता की कोणी शोधलाच नाही, हे पुढच्या संशोधकाला कळणार कसे? पक्षीनिरीक्षकांनी ही अडचण वेळीच ओळखली. ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर वेळ आणि अंतर यांसह, ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी देण्याची पद्धत आहे. सुमारे 30,000 निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या भारतीय पक्ष्यांच्या 2023 च्या स्थिती-अहवालात 942 जातींचा विचार करता आला, त्यामागे ही शिस्त आहे.

अशा नोंदी जगभर एकमेकींशी जुळाव्यात म्हणून ‘डार्विन कोअर’ हे प्रमाणक वापरतात. त्यात रकान्यांची नावे आणि त्यांचे अर्थ ठरवून दिलेले आहेत. 2001 साली स्थापन झालेल्या आणि कोपनहेगन येथे सचिवालय असलेल्या ‘जीबिफ’ या जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक जाळ्यावर नोंदी याच भाषेत जातात. तुम्ही ही भाषा आत्ताच शिकावी. जोडीला ‘आर’ ही सांख्यिकीची संगणकभाषा, माहितीसाठ्यातून हवे ते काढण्यासाठी थोडे एसक्यूएल आणि नकाशांसाठी विनामूल्य मिळणारे क्यूजीआयएस एवढे पुरे.

पदव्युत्तर शिक्षणासाठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) यांचे अभ्यासक्रम पाहावेत. मात्र तेथे दरवर्षी प्रवेश होतीलच असे नाही, म्हणून चौकशी आधी करावी. बाबांची काळजी अनाठायी नाही, हेही सांगायला हवे. संशोधन संस्था आणि स्वयंसेवी संस्थांमधली ही कामे बहुधा प्रकल्पापुरती, कराराची असतात आणि माहिती तंत्रज्ञानातल्या पगाराशी त्यांची तुलना करू नये. तरीही आधी परिसंस्थाशास्त्र आणि त्यासोबत संगणक, हाच क्रम मी सुचवेन. उलट दिशेने येणाऱ्याला बेडूक शिकायला अधिक वर्षे लागतात.

तूर्त ताईंची परवानगी घेऊन त्या दोन पावसाळ्यांच्या वह्या प्रमाणित तक्त्यात आणा. तस्करीचा धोका असलेल्या जातींची नेमकी ठिकाणे उघड करू नका, आणि तक्ता प्रसिद्ध होणार असेल तर त्यावर तुमचे नाव कसे येईल हे आधीच बोलून घ्या. एक रकाना वहीच्या पान क्रमांकासाठी ठेवा. रेखांशाची शंका आली की त्याच पानाकडे परतावे लागते.