बगळ्याचे ध्यान आणि मळकट तेजोवलय

प्रश्न : मी जलरंगात प्राण्यांची गमतीदार, पण धार्मिक चित्रांच्या वळणाची चित्रे काढतो. नुकताच एका पायावर उभा, डोळे मिटलेला, पंखात जपमाळ धरलेला पांढरा बगळा काढला. मागे पिवळे तेजोवलय आणि पायाशी मासा. काहींना ती श्रद्धेची टिंगल वाटली. शिवाय जांभळ्या पार्श्वभूमीला लागून वलय मळकट झाले. काय चुकले?

उत्तर : जपमाळ आणि मिटलेले डोळे चुकले, असे मला वाटते. उथळ पाण्यात ताटकळणारा बगळा मुळातच ध्यानस्थ दिसतो. भाषेने ‘बकध्यान’ हा शब्द उगाच घडवलेला नाही. मात्र त्याची निश्चलता भक्तीची नाही आणि ढोंगाचीही नाही (ढोंगाला हेतू लागतो, त्या बिचाऱ्याला फक्त भूक असते), ती निव्वळ सहजप्रेरणा आहे. मानेतील सहाव्या मणक्याच्या वेगळ्या रचनेमुळे त्याची मान नागमोडी मुडपलेली राहते आणि क्षणार्धात भाल्यासारखी सुटते. ही मुडपलेली मान आणि चोचीच्या रेषेत खाली रोखलेला उघडा डोळा नेमका काढलात आणि मागे वलय ठेवलेत, तर गंमत आपोआप येते.

टिंगलीचे म्हणाल, तर महाबलीपुरमचा सातव्या शतकातला शिल्पपट आठवा. तिथे एका पायावर, हात उंचावून तप करणारा तपस्वी आहे आणि त्याच शिल्पपटात खाली तशीच तपश्चर्या करणारे मांजर, भोवती उंदीर. मांजरामुळे तपस्व्याचे तप उणे होत नाही. जपानमधील ‘चोजू-गिगा’ या शाईने रंगवलेल्या जुन्या पटचित्रात बुद्धाच्या जागी बेडूक बसला आहे, पण अंगाने तो बेडूकच राहिला आहे.

आता वलय. पिवळा आणि जांभळा हे परस्परपूरक रंग. ओलसर असताना एकमेकांत शिरले की तपकिरी-करडा गढूळपणा येणारच. पारदर्शक जलरंगात उजेड कागदाचा असतो, म्हणून वलय रंगवण्यापेक्षा राखावे. कोरड्या कागदावर त्या जागी मास्किंग फ्लुइड (रंग अडवणारा, वाळल्यावर रबरासारखा सोलून निघणारा द्रव) लावा, पण जुन्या कुंचल्याने आणि तोही आधी साबणात बुडवून, नाहीतर केस कायमचे चिकटतील. पार्श्वभूमी पूर्ण वाळू द्या. गरम हवा मारू नका, कारण तापलेला थर निघता निघत नाही. मग तो बोटाने हलकेच चोळून काढा आणि केवळ आतल्या कडेला पातळ पिवळा फिरवा.

बगळाही पांढराच, म्हणजे त्याचे अंग आणि वलय एकाच कोऱ्या कागदाचे. जिथे पाठ वलयाला भिडते तिथे रेघ ओढू नका. पंखाखाली फिकट निळसर सावली पुरे.