पुस्तकातला किप पडद्यावर कुठे गेला?

प्रश्न : आमच्या वाचनगटात या महिन्यात मायकेल ओंडात्जे यांची ‘द इंग्लिश पेशंट’ ही कादंबरी वाचून झाली आणि मग तिच्यावर अँथनी मिंगेला यांनी १९९६ साली केलेला चित्रपट आम्ही सर्वांनी एकत्र बसून पाहिला. चित्रपट पाहताना डोळे भरून आले, हे खरे. पण कादंबरीत ज्याच्यावर आमचा जीव जडला होता, तो बॉम्ब निकामी करणारा शीख सैनिक किरपाल सिंग, म्हणजे किप, पडद्यावर अगदीच दुय्यम झाला आहे आणि हिरोशिमाची बातमी ऐकून तो पेटून उठतो तो प्रसंग तर साफ गाळला आहे. गटातल्या काहींच्या मते, मूळ लेखनाशी अशी फारकत घेणाऱ्या चित्रपटाला नऊ ऑस्कर मिळाली असली, तरी त्याला श्रेष्ठ म्हणू नये. आपले मत काय? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, तिच्यावरून तुमच्या गटाने काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. कादंबरी इटलीतल्या एका पडक्या वास्तूत युद्धाच्या अखेरीस एकत्र आलेल्या चौघांची आहे : भाजून ओळख हरवलेला रुग्ण, त्याची शुश्रूषा करणारी हॅना, अंगठे गमावलेला कॅराव्हॅजिओ आणि किप. किपचे इंग्लंडमधले प्रशिक्षण, त्याला घरच्यासारखे वागवणारे लॉर्ड सफोक आणि त्यांचा स्फोटात झालेला मृत्यू यांना पुस्तकात भरपूर जागा आहे, तर रुग्णाची, म्हणजे अल्माशीची, कॅथरिनबरोबरची प्रेमकथा तुकड्यातुकड्यांनी येते. मिंगेला यांनी नेमके हेच प्रमाण उलटवले. १६२ मिनिटांच्या चित्रपटात चौघांना सारखे वजन दिले असते, तर कोणाच्याच दुःखापर्यंत प्रेक्षक पोहोचला नसता, असे मला वाटते. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांमधून तेंडुलकरांनी आणि जब्बार पटेलांनी १९७९ साली एकच चित्रपट काढला, तेव्हाही पुष्कळ काही गळालेच होते. तरी त्याबद्दल आपण फारसे हळहळत नाही, कारण जे उरले ते पडद्यावर स्वतःच्या पायांवर उभे राहिले.

तेव्हा काय वगळले याच्या जोडीला, जे ठेवले ते कसे घडवले, हेही पाहायला हवे. आपल्याच पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, सतीश बहादूर यांनी चित्रपट-आस्वाद शिकवण्याची जी परंपरा रुजवली, तिच्यात वाढलेला कोणीही तुम्हाला आधी सुरुवातीची काही मिनिटे पुन्हा पाहायला सांगेल. खरबरीत पृष्ठभागावर एक कुंचला पोहणाऱ्या माणसाची आकृती काढतो, अल्माशीला वाळवंटातल्या गुहेत सापडलेल्या चित्रांसारखी. हळूहळू त्या पृष्ठभागाची जागा वाळवंट घेते आणि टेकड्यांची वळणे मानवी देहासारखी दिसू लागतात. मग त्यांच्यावरून एक छोटे विमान जाते, ज्यात पुढच्या आसनावर मान कलंडलेली स्त्री आहे. तिचे काय झाले आहे, ते आपल्याला चित्रपटाच्या शेवटाकडे कळते. गुहेतली चित्रे, वाळू, देह आणि मृत्यू हे सारे एकही शब्द न बोलता एकमेकांत गुंफलेले आहे, आणि ओंडात्जे यांच्यातला कवी पुस्तकात प्रतिमांकडून जे काम करून घेतो, तेच इथे छायाचित्रकार जॉन सील यांच्या कॅमेऱ्याने केले आहे. कथा ट्युनिशियात चित्रित केलेल्या वाळवंटातून इटलीत आणि पुन्हा मागे अशी सतत ये-जा करते, तरी आपण वाट चुकत नाही. त्याचे श्रेय संकलक वॉल्टर मर्च यांचे. हॅना ठिकरीचा खेळ खेळते तेव्हा तिच्या पावलांचा ठेका वाळवंटातल्या तालवाद्याच्या ठेक्यात मिसळतो आणि रुग्णाची आठवण सुरू होते. म्हणजे भूतकाळाचे दार आधी कानाला उघडते, डोळ्यांना नंतर. मर्च यांना संकलन आणि ध्वनी या दोन्हींसाठी ऑस्कर मिळाले. खुद्द ओंडात्जे यांना त्यांच्या कामाचे इतके कुतूहल वाटले, की पुढे २००२ साली त्यांनी मर्च यांच्याशी झालेल्या संवादांचे एक पुस्तकच प्रसिद्ध केले. आपली प्रतारणा झाली असे वाटणारा लेखक असे करील का?

किपलाही मिंगेला यांनी एक अप्रतिम प्रसंग दिला आहे. आरेझोच्या चर्चमध्ये तो हॅनाला दोराने वर उचलतो आणि ती हातातल्या मशालीच्या उजेडात पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या जुन्या इटालियन चित्रकाराची भित्तिचित्रे पाहत तरंगत राहते. पुस्तकात किप तिथे एका वृद्ध अभ्यासकाला वर नेतो. हा बदल करून चित्रपटाने एका प्रसंगात अख्खी प्रेमकथा सांगून टाकली, आणि इथे तो पुस्तकाच्याही पुढे गेला असे मी म्हणेन.

शेवटाबद्दल मात्र मी तुमच्या गटाच्या बाजूचा आहे. कादंबरीत अणुबॉम्बची बातमी ऐकताच किप बंदूक घेऊन रुग्णाच्या खाटेपाशी जातो, कारण ज्या साम्राज्यासाठी त्याने जीव धोक्यात घातला, त्याचा खरा चेहरा त्याला त्या क्षणी दिसतो. गोऱ्या राष्ट्रावर असा बॉम्ब त्यांनी टाकला नसता, या विचाराने तो सारे सोडून निघून जातो. चित्रपटात याऐवजी युरोपातल्या विजयाच्या जल्लोषात त्याचा सहकारी हार्डी स्फोटात मरतो आणि किप आपल्या तुकडीबरोबर दुसरीकडे रवाना होतो. हे दुःख खोटे नाही, पण खासगी आहे. राष्ट्रांच्या सीमा माणसांना कशा चिरडतात, हे सांगू पाहणाऱ्या चित्रपटाने, त्या सीमा ज्याला सर्वांत जास्त जाचल्या त्या भारतीय माणसाचा संताप काढून घ्यावा, ही उणीव कितीही देखण्या छायाचित्रणाने भरून निघत नाही. तरीही ही एका उत्तम चित्रपटातली उणीव आहे, असे माझे मत.

प्रश्न : अल्माशी खरोखर होऊन गेला का? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : होय. लास्लो अल्माशी हा हंगेरियन संशोधक १९३०च्या दशकात इजिप्तच्या नैर्ऋत्येकडील गिल्फ केबीर पठारावर फिरला आणि १९३३ साली पोहणाऱ्या आकृत्यांची गुहा त्याने उजेडात आणली. पुढे १९४२ साली त्याने जर्मनांच्या दोन हेरांना वाळवंटातून पार इजिप्तमध्ये पोहोचवले. तो भाजून वगैरे मेला नाही. १९५१ साली ऑस्ट्रियात आजारपणात वारला. कॅथरिनची कथा कल्पित आहे. खऱ्या माणसाचे नाव वापरून त्याच्या जर्मन संबंधांना प्रेमकथेचा मुलामा दिला, असा आक्षेप चित्रपटावर घेतला गेला आणि तो मला अगदीच गैरलागू वाटत नाही.

प्रश्न : आधी पुस्तक वाचावे की चित्रपट पाहावा? – एक वाचक, औंध

उत्तर : एरवी मी पुस्तक सुचवतो, इथे चित्रपट आधी पाहावा. कादंबरीतला काळ इतका तुटक आहे, की घटनांचा क्रम ठाऊक असला तर वाचताना भाषेकडे लक्ष देता येते. मोबाइलवर मात्र पाहू नका, कारण वाळवंटाचे विस्तीर्ण आणि चेहऱ्यांचे अगदी जवळचे चित्रण यांच्या आलटून-पालटून येण्यावरच चित्रपट उभा आहे. एखाद्या फिल्म क्लबमध्ये त्याचा खेळ लागला, तर ती संधी घ्यावी; नाहीतर घरातला मोठ्यात मोठा पडदा आणि चांगले हेडफोन चालतील.